आमचे येथे शिव्या मिळतील

विरेशने अण्णांचा मोबाइल उलटा करून पाहिला. जणू मागे कोणी दडून बसलंय.

"ही साईट केली कुणी?"

"मशिनीनं," गुरुबसप्पा अण्णा तांब्याची तार गुंडाळत म्हणाले. "चहा सांगितला आन् फोनवर बोलाय बसलो. चहा यायच्या आत साईट तयार! महिन्याचं भाडं बी तेवढ्याच चहाचं. तुजी ती जुनी काढून टाक बाबा."

निम्म्या सोलापूरच्या वेबसाइट विरेशच्या हातच्या. या स्वस्तातल्या सेवेने एकेक करून सगळी गिऱ्हाइकं ओढून नेली होती. अण्णांचं, पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारं वाइंडिंगचं दुकान शेवटचं. हेही गेलं की त्याच्या ऑफिसचं शटर खाली.

"स्वस्तातली वस्तू, अण्णा. उद्या रडाल," म्हणत त्याने वाचायला घेतलं. ना चित्र, ना नक्षी. नुसतीच अक्षरं:

"मोटार जळाली? कोरडी चालवली असशील. खोटं बोलू नगं, कॉइल बघितली की मला समदं कळतंय. विहिरीत पानी हाय का बघाय देवानं डोळं दिलेत न्हवं? ठेव हितं. संध्याकाळी ने. परत जाळून आनलीस तर ह्या तारंत तुलाच गुंडाळतो."

विरेश हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. "असं लिहिल्यावर कोण फिरकेल हो दुकानाकडे?"

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी स्पीकर लावला.

"अण्णा, उजनीकाठावरनं बोलतोय. मोटार जळाली. व्हय, कोरडीच चालवली. काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पन मोटार आजच द्या!"

मग जी रांग लागली म्हणता! जळक्या मोटारींची शेपटी पार सिद्धेश्वराच्या तळ्याला जाऊन टेकली. तळ्यातल्या माशांनी डोकी वर काढून पाहिलं. माणसं दारातच गुन्हा कबूल करून आत येत होती. एकाची मोटार तर धडधाकट होती. तो नुसत्या शिव्या खायला आला होता.

विरेश आ वासून बघत राहिला. त्याने केलेल्या साईटवर दोन गोरे साहेब हात मिळवत उभे होते. इतक्या वर्षांत त्या दोघांना कुणी एकही फोन केला नव्हता.

"अण्णा, मशीनला सांगितलंत तरी काय?"

"काय सांगनार? पाटीवरचंच. 'आमचे येथे मोटार वाइंडिंग करून मिळेल.' पुढं शब्द फुटंना. तेवढ्यात एक जेऊरचं बेणं जळकी मोटार घेऊन आलं. त्याला धुतला. फोन चालूच राहिला की!" अण्णांनी हनुवटीने शेजारचं चादरीचं दुकान दाखवलं. "ती नागव्वा बघ. सकाळधरनं फोनम्होरं बसलीया. 'आमचे येथे'च्या म्होरं गाडी जाईना. मशिनीम्होरं मानूस मुका होतोय, लेका. तोंड उघडाय समोर मानूस लागतो."

विरेश ताडकन उठला आणि घराकडे पळाला. परत आला तेव्हा हातात लॅपटॉप नव्हता. काखेत एक चादर होती.

"नागव्वा मावशी, साईट मी करून देतो. फोन राहू दे असाच चालू," म्हणत त्याने त्यांचा फोन गल्ल्यावर ठेवला आणि चादर पसरली. मधोमध वीतभर भोक. "पण आधी हे बघा. तुमच्याच दुकानातली. फाटली."

नागव्वांनी भोकाची कड दोन बोटांनी चाचपली. मग सावकाश मान वर केली. रांगेतली माणसंसुद्धा वळून बघू लागली.

"फाटली? आरं, सोलापुरी चादर फाटत न्हाय! पांघरनारा मरतो, चादर नातवाला जाते! कात्री कुनाची ते सांग आधी!"