नवसाचा काटा

आकडा काही केल्या थांबेना. सोळा चारशे, सतरा शंभर, मग एकदम खाली पंधरा नऊशे. भागवतने वजनकाट्याच्या डब्यावर टिचकी मारली, तसा तो आणखीच उधळला. काटा त्याने स्वतः जोडलेला. मलकापूरच्या त्याच्या दुकानातून कापसाच्या व्यापाऱ्यांचे बिघडलेले काटे सुधारून जायचे, आणि आज पिंपळगाव राजाच्या देवळात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, घरच्याच काट्याने त्याला तोंडघशी पाडलं होतं.

काट्यावर लाल कापड, कापडावर पाट, पाटावर त्याची सात वर्षांची लेक अर्पिता. तापाने ती हातची गेलीच होती. दवाखान्यातून घरी परत आली तर तिच्याएवढा गूळ वाटीन, असा भागवतच्या आईने, कोकिळाबाईंनी, देवीला नवस बोलला होता. गुळाच्या भेल्या ओट्यावर रचून तयार होत्या. पण गूळ तोलायचा तर आधी लेकीचं वजन ठरायला हवं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

"काऊन रे भागवत, देवी नवस घेऊन नाही राह्यली का?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"देवीचं काय त्यात, माय? करंटचा घोळ हाय."

म्हणाला खरा, पण घोळ कुठे आहे ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्याने चार्जर काढून काटा बॅटरीवर लावला. भोंग्याची वायर दूर सरकवली. डोक्यावरचा पंखा बंद करवला, तशा बायका पदराने वारा घेत कुरकुरल्या. अर्पिताला उतरवून पाटाखालची वजन जोखणारी पट्टी उलटीपालटी करून तिच्या तारा एकेक ओढून पाहिल्या. सगळं जागच्या जागी. पाटावर त्याने लोखंडी मापं ठेवली, तर आकडा शहाण्या मुलासारखा गप्प बसला. पुन्हा लेकीला बसवलं, एका हाताने तिला सावरत दुसऱ्या हाताने बटण दाबलं, की लागला नाचायला. लोखंडाला मानतो आणि लेकराला मानत नाही, हे कुठलं शास्त्र? त्याचं डोकं चालेनासं झालं.

"अहो," पूनम, त्याची बायको, त्याच्या कानाशी आली. "तिचंच तं नाही न कमीजास्त होऊन राह्यलं? आतून काही..."

"वजन असं घडीघडी बदलते का? काहीबी बोलतं!"

तिला गप्प केलं, पण त्याची नजर आकड्यावरून हटेना. दवाखान्यात लेकीच्या उशाशी मशीनवर असाच एक आकडा वरखाली व्हायचा आणि त्याच्याकडे बघत तो उभा राहायचा. तेव्हापासून न थांबणाऱ्या आकड्याची त्याला भीतीच बसली होती. आता हा थांबला नाही तर आईच्या मनात देवीचा कोप बसेल, पूनमच्या मनात आजार बसेल. त्याच्या मनात तर दोन्ही आधीच येऊन बसले होते.

पट्टीचा स्क्रू सैल असेल म्हणून तो पुन्हा खाली वाकला, आणि कापडाची झालर उचलताच बघतच राहिला. काट्याच्या कडेला बोटं टेकलेली होती. एक बोट आईचं, दोन पूनमची, त्यांच्या पलीकडे त्याच्या आत्याच्या हिरव्या बांगड्या, आणि मागून कुणाकुणाची आणखी. पूजेत यजमानाच्या हाताला घरच्यांनी हात लावावा, तसा साऱ्यांनी नवसाला हात लावला होता.

"हात काढा! सगळ्याईनं हात काढा! असं बोट लावून धरल्यावर काटा काय सांगन, कप्पाळ?"

"वा रे! घरचा नवस अन् घरच्याईनं हात नाही लावावा?" कोकिळाबाई म्हणाल्या. "पुन्य काय मी एकटीनंच घेऊ?"

तरी त्यांनी बोट उचललं. मागोमाग बाकीच्यांनी उचललं. आकडा पुष्कळ निवळला. पण थांबला नाही. सोळा पाचशे, सोळा सहाशे, पुन्हा सोळा पाचशे.

"आता कोन राह्यलं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याने तर दोन्ही तळहात वर करून दाखवले. भागवतने पट्टीकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, देवीकडेही पाहिलं.

अर्पिताने मान वळवली.

"पप्पा, तुम्ही."

त्याचा डावा हात तिच्या काखेत होता. दवाखान्यातून आणली तेव्हापासून ती बसली की तो तिथेच असायचा. जेवताना, वेणी घालताना, ओसरीवर ऊन खाताना. तो हात आहे हेच भागवत विसरला होता. आता त्याने तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा न्याहाळला आणि काढून घ्यायला त्याला वेळ लागला.

आकडा सोळा सातशेवर येऊन ठेपला आणि तिथेच राहिला.

"सोळा सातशे!" कोकिळाबाईंनी हात जोडले. "घेतला वो माय, घेतला नवस. चला, गूळ घ्या काढायले."

सगळे ओट्याकडे वळले. भागवत मात्र हलला नाही. पाटावर लेक एकटीच बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. तिची पाठ जराशी डुलली. त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला.

पाठ सरळ झाली. आकडा होता तिथेच होता.