लटारूचा पट्टा

“लाल खूण दिसली की फोन करत बसू नकोस. माणसाच्या दारात जा.”

बदली होऊन गेलेल्या डॉक्टरबाईंचं हे सांगणं उर्वशी सिस्टरला अजून तसंच ऐकू यायचं. आज टॅबलेट पिशवीत टाकून तिने स्कूटी थेट तलावाकाठच्या वस्तीत घातली.

खूण लटारूच्या नावापुढे होती.

आषाढात छातीत कळ आली, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्याने त्याच्या दंडाला पट्टा बांधून घरी पाठवलं होतं. गावात असे अकरा पट्टे होते. पट्टा नाडीचे ठोके मोजायचा, ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या पांढऱ्या पेटीला कळवायचा, आणि पेटी दवाखान्याला. नोंद नसलेलं यंत्र त्या नेटवर्कमध्ये शिरूच शकत नव्हतं. बाकीचे दहा जण कंटाळा आला की पट्टा खुंटीला अडकवायचे. चार्जिंगची घटकाभर सोडली, तर लटारूचा पट्टा चार महिन्यांत एकदाही गप्प झाला नव्हता. दवाखान्यातल्या बैठकीत उर्वशी त्याचंच उदाहरण द्यायची.

अंगणात त्याची बायको भागीरथा तुळशीला पाणी घालत होती.

“काकू, काका कुठी आहेत?”

“तलावावर. उद्या बाजार हाय ना. या, बसा सिस्टरबाई.”

“पट्टा बांधलेला आहे ना?”

“हाय ना. नेम हाय तो. मोडून कसा चालन?”

उर्वशी हसली. “काका एवढे नेमाचे कधीपासून झाले?”

“ते कायचे नेमाचे. एकादशी त्यायची, उपास माझा. शंकराले सोमवार बोलून बसले, अन् चौदा वर्सं झाले मीच धरून राह्यलो. एकानं बोललं, घरातल्या दुसऱ्यानं पुरं केलं, तरी देव मानून घेते.”

“देव मानतो. दवाखाना नाही मानत,” उर्वशी म्हणाली आणि टॅबलेट उघडला. “हे पाहा. आषाढात ठोके छान होते. श्रावण लागला आणि कमी होत गेले. सोमवारी, एकादशीला तर फारच खाली. त्या दिवशी गोळी राहून जाते का?”

“गोळी मी हातावर ठेवतो. माझ्यासमोर गिळते ते.”

“मग जाळं ओढायचं काम वाढलं?”

“वाढलं नाई. श्रावणात जाळं फेकताना पट्टा टोचते म्हणे, काढून फेकतो म्हणे. मी म्हटलं, सिस्टरबाईनं सांगतलं, सहा महिने खंड पडू द्यायचा नाई. तवापासून काई कटकट नाई.”

“चांगलं केलंत. पण काल पहाटे चार सेकंद ठोकाच पडला नाही, काकू. पाठोपाठ दोनदा.”

“पहाटे कवा?”

“चारच्या पुढे. काकड्याच्या सुमारास.”

भागीरथाने तांब्या खाली ठेवला आणि तुळशीच्या ओट्याला धरून बसली.

“कालच्या काकड्याले,” ती म्हणाली. “यंत्राचं चुकत तर नसन?”

“इंजिनिअर परवाच तपासून गेलेत. पट्टाही ठीक, पेटीही ठीक.”

“अन् असंच राह्यलं तर?”

उर्वशीने आवाज खाली आणला. “एखाद्या दिवशी चार सेकंदाचे दहा होतील. चालता चालता माणूस पडेल, आणि उठणार नाही. पण वेळेवर आलं, तर छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. मग पुढे दहा वर्षं बघायला नको.”

“किती दिवस लागते?”

“चार-पाच. नागपूरला न्यावं लागेल. मी आत्ताच गाडी बोलावते, तलावावरून उचलूनच नेऊ काकांना.”

“गाडी नोका बोलावू.” भागीरथाने तिचा हात धरला. “मागच्या बारीले गाडी पाह्यली, अन् ते डोंगा घेऊन तलावाच्या मधात जाऊन बसले. दिवसभर. सगळं गाव काठावर उभं राहून हसून राह्यलं होतं.”

उर्वशीलाही ते आठवलं. “पण हे थांबण्यासारखं नाही, काकू.”

“आजची रात मले द्या. तांदूळ निसाचे हायेत, शेजारच्या कमलाले जेवणाचं सांगाचं हाय. उद्या पहिल्या बसनं येतो.”

“नक्की? काका नाही म्हणाले तरी?”

“ज्याचे ठोके थांबून राह्यले, त्याले उद्या तुमच्यासमोर उभं करतो. तुळशीजवळ बसून बोलतो मी.”

उर्वशीला माहीत होतं, या बाईने तुळशीजवळ बोललेलं खाली पडत नाही. तरी तिने दवाखान्याचा नंबर भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिला. रात्री काही वाटलं तर लगेच फोन करायचा, असं दोनदा बजावलं, आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी काकड्याहून परतताना भागीरथा वाटेत तीनदा बसली. घरी येऊन तिने भात रांधला, वांग्याची भाजी केली, लटारूच्या पाच दिवसांच्या गोळ्या पाच पुड्यांत बांधून ठेवल्या. लटारू जाळं खांद्यावर टाकून निघतच होता.

“एवढं नवं लुगडं नेसून कुठी निंगाली?”

“दवाखान्यात. सिस्टरबाईले शब्द देल्ला.”

“मी नाई येत. आधीच सांगून ठेवतो.”

“तुमाले कोण चला म्हणते? तुमी मासे धरा. कमला जेवाले वाढन. नाटकं करू नका तिच्यापाशी.”

“मंग तू तिथी जाऊन काय करतं?”

“पाहू.”

तो हसला. सदरा काढून त्याने खुंटीला अडकवला आणि उघड्या अंगाने, दोन्ही मोकळे दंड हलवत तलावाकडे उतरून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत भागीरथा दारात उभी राहिली. मग तिने पोलक्याच्या बाहीत हात घातला, दंडावरून घसरलेला पट्टा वर सरकवला, एक घर आवळून घेतला, आणि पदर सारखा करून बसच्या वाटेला लागली.