घागरींची रांग

दुष्काळात ईट या आपल्या गावी आलेला विश्वंभर आईला पुण्यातलं आपलं काम समजावून सांगत होता.

"मोठ्या कॉम्प्युटरची चाचणी चाललीय, माय. खरी टर्मिनल, म्हणजे माणसांनी समोर बसून काम करायची यंत्रं, अजून बसली नाहीत, म्हणून मी खोटीच तयार करतो आणि एकेकाचं सेशन सुरू करून देतो. कॉम्प्युटरला वाटतं, समोर माणसं बसलीत."

"मंग म्याबी तेच करते की," म्हणत पुतळाबाईनं त्याला टँकरच्या जागी नेलं. लांबलचक रांगेत घागरी मांडल्या होत्या, माणसं मात्र चार-दोनच.

"रांग आखूड दिसली की टँकर बंद करत्यात. म्हणून जे गाव सोडून गेले अन् आता माघारी यायचे न्हाईत, त्यांचीबी भांडी म्याच मांडते. ही गोरोबाची. ऊसतोडीला गेला, तिकडंच कारखान्यावर राहिला. ही अयोध्याची, लेकीकडं गेली ती तिकडचीच झाली."

आईच्या हुशारीला हसत विश्वंभर एकेक भांडं बघत पुढं गेला.



रांगेत सगळ्यात शेवटी, बारशाला मामानं 'विश्वंभर' असं नाव कोरून दिलेली कळशी होती.