पुजायचं काय?

हळदीकुंकवाचं तबक घेऊन अण्णा लेकीच्या लॅपटॉपपुढे उभे राहिले. कारखान्यात होते तोवर दर खंडेनवमीला ते आपलं लेथ मशीन धुऊनपुसून पुजायचे. यंदा कारखानाच बंद पडला, म्हणून म्हटलं, लेकीचं मशीन पुजू.

"अण्णा, ही नुसती खिडकी आहे," शर्वरी टाइप करता करता म्हणाली. "माझं खरं मशीन क्लाउडवर असतं."

"म्हणजे कुठं?"

"ते मलाही ठाऊक नाही. सकाळी एक कमांड दिली की नवं कोरं उभं राहतं. संध्याकाळी काम संपलं की मी ते मोडून टाकते."

अण्णांचं डोकंच चालेना. एकाच मशीनवर त्यांनी उभी हयात काढली होती. त्याचा आवाज जरा बदलला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि ही पोरगी रोज मशीन उभं करते नि रोज मोडते!

"कालचं कुठाय मग?"

"गेलं."

"आणि आजचं?"

"संध्याकाळी जाईल."

मग कुंकू लावायचं तरी कशाला? तबकातली झेंडूची फुलं उगाच इकडची तिकडे करत ते तसेच घुटमळले. समोर शर्वरीची बोटं भराभरा चालत होती.

"ही तरी कालचीच ना?" म्हणत त्यांनी तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि बोटाबोटाला कुंकू लावलं.

शर्वरी हसली आणि पुन्हा कीबोर्डकडे वळली.

"अंहं," अण्णांनी दटावलं, "पुजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."