बॉडी सापडायला नको

"तुझा एखादा हसरा फोटो दे गं, मोठा करून भिंतीवर लावायचाय," सेट सजवणारे शेलारमामा म्हणाले. मी कसली खूश! मग त्यांच्या हातात चंदनाचा हार दिसला. म्हणजे मालिकेत मी मरणार, आणि मला हे असं कळतंय, बोला!

पण नॅशनल चॅनलवरची माझी पहिलीच मालिका, अशी सोडते की काय! तडक लेखकाकडे गेले. ओजसदादा डबा खात होता.

"मला कशानं मारतोयस?"

"हार्ट अटॅकनं. टीआरपी पडलाय, चॅनलचा हुकूम आहे."

"त्यापेक्षा दरीत ढकल ना! आणि बॉडी सापडायला नको. चॅनल सुरू झाल्यापासून आठव, बॉडी न सापडलेलं कुणी परत आलं नाही, असं एकदा तरी झालंय?"

त्याचा घास हातातच राहिला. "नाही गं," म्हणाला, आणि तसाच उष्ट्या हातानं चॅनलला फोन लावला. दरीला होकार आला!

काल कड्यावर शूटिंग झालं. मला ढकलता ढकलता मालिकेतल्या सासूबाई कानात म्हणतात, "लवकर परत ये हं. तोवर मी छळू कुणाला?"