जिताड्याचा फोटो

कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकल्यापासून प्रितमला काही रीतभात उरली नव्हती. चारचौघांत आईला 'ए, जरा सरक' म्हणायचा. आज तर त्यानं सोनाबाईला नवंकोरं हिरवं लुगडं नेसवून खाडीच्या गुडघाभर चिखलात उभं केलं होतं. वर काठावरून सांगत होता, "आये, हस ना जरा. मयताला आल्यासारी काय उभी रायलीस?"

"मयतालाच आलीय," सोनाबाई म्हणाली.

समुद्रातून तेल काढणाऱ्या त्या कंपनीची नळी पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी फुटली. भरतीबरोबर तेल आत आलं आणि खारफुटीच्या मुळांना डांबरासारखं चिकटून बसलं. अजून माणसं ते खरवडत होती. पण कंपनीला वर्षाचा अहवाल छापायचा होता. समुद्राला आणि माणसांना आपण किती जपतो, हे सांगणारं गुळगुळीत कागदाचं पुस्तक. त्यात 'खाडी पहिल्यासारखी झाली' असं छापून आलं की खरवडणारी माणसं उठणार आणि गावाकडं परत कुणी ढुंकून बघणार नाही. एवढं कळायला सोनाबाईला शाळा लागली नव्हती. तरी ती आली. मजूर पुरवायचं पोराचं कंत्राट त्या फोटोवर लटकलं होतं, आणि पोर एकुलतं एक.

खाडीत मासाच नव्हता. म्हणून प्रितमनं पळस्प्याकडच्या तळ्यातले जिवंत जिताडे पिंपात घालून टेम्पोनं आणले, आणि आईच्या हातातल्या पागात सोडले. पाग म्हणजे काठाला शिसं ओवलेलं फेकजाळं. ते तिनं ओढायचं, जिताडा छातीशी धरायचा आणि हसायचं. पुस्तकाचं काम बघणारी मनस्वी मुंबईहून आली होती. पिंप तिला दिसलं होतं. ती मोबाईलमध्ये बघत राहिली.

कॅमेरावाल्याला ऊन हवं होतं आणि ढग हलेना. तेवढ्यात पागातले जिताडे वर येऊन तोंडं वासायला लागले. एक उलटा झाला. मग बाकीचे. पांढरी पोटं, त्यावर तेलाचे रंगीत डाग.

काठावर जमलेल्या गावकऱ्यांत सोनाबाईचा चुलतदीर काशीराम बसला होता. जन्म खाडीत गेलेला माणूस. "वैनी," तो म्हणाला, "पावनं जेवायच्या आदीच निजलं का गो?"

काठ हसला. कॅमेरावालाही हसला, आणि तिथंच बिघडलं.

काशीराम पाण्यात उतरला. मेलेला जिताडा कल्ल्यात बोट घालून उचलला आणि मनस्वीपुढे धरला. "बाई, ह्याचा काडा फोटू. आमच्या खाडीचा ह्योच खरा हाय."

प्रितमनं काठाला लावलेल्या होडीतलं वल्हं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर, आणि वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. काशीराम तोंडावर पडला. प्रितम त्याच्या पाठीवर बसला आणि मानेला धरून त्याचं तोंड काळ्या चिखलात दाबू लागला.

"हस आता. लई हसू येतं ना काका? पी. तुजंच पानी हाय, पी."

सोडवायला धावलेल्यांना प्रितमच्या मजुरांनी अडवलं.

"कॅमेरा बंद करा आधी," मनस्वी ओरडली.

सोनाबाई बघत होती. काशीराम चिखलात पाय झाडत होता. मग पाय मंदावले.

तिनं पाग गोळा केला, मेलेल्या माशांसकट गरगर फिरवला आणि पोराच्या डोक्यावर घातला. ओल्या जाळ्याचं शिसं कानावर बसलं. कान फाटला. प्रितम वळला, तोवर तिनं परत फिरवला. तो तोंडावर. दात हलले, ओठ फुटला, आणि तो काशीरामवरून कोलमडला. तरी ती थांबली नाही. तो हात वर करून चिखलात मागं सरकत गेला तसतशी ती पुढं जात मारत राहिली. पागाचं सूत तुटून शिशाचे मणी पाण्यात पडू लागले, तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

मग तिनं काशीरामला उताणा केला. नव्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळून त्याच्या तोंडातला चिखल काढला. तो खोकला. काळं पाणी ओकला. मोडलेला हात भलतीकडंच वळला होता.

"पोरी," सोनाबाई मनस्वीला म्हणाली, "आता चालू कर तुजं यंत्र."

मनस्वी दोन पावलं मागं सरकली. "मावशी, हे आमच्या अहवालात नाही घेता येणार. हा तुमच्या घरातला मामला आहे."

"मावशी म्हनू नको. तुजी आई नि मी एका घरात नाय वाडलो."

प्रितम रक्त थुंकत उठून बसला. मनस्वीकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "आये, ऐक. काका चिखलात घसरला, वल्ह्यावर पडला. सगल्यांनी तेच सांगायचं. मी डॉक्टरला सांगतो. फोटू उद्या काडू. जिताडं दुसरं आनतो."

 सगळे सोनाबाईकडं बघत होते. तिनं काशीरामचं डोकं आपल्या मांडीवर नीट ठेवलं आणि पोराकडं बघितलं. तान्हा असताना बघायची तसं, टक लावून.

"ऊठ. भावजींना दवाखान्यात पोचवू, मंग चौकीत चल. ह्यांचा हात तू मोडलास, ह्ये मी सांगनार हाय. खाडीत तेल कंपनीनं आनलं, गावात तुला मी आनलं. ती आपली घान पुस्तकात झाकंल. मी माजी झाकनार नाय."