घरचेच मासे

थोरल्या दिरांनी वरच्या शेतात फवारणी केली की पाणी थेट धाकट्या भावजयीच्या तळ्यांत उतरायचं आणि तिचे मासे पोट वर करून तरंगायचे. ती बोलायला गेली, तर दीर हसले, "अगं, औषध आहे ते! औषधानं कुणी मरतं का?"

ती माशांच्या खाद्यात शेवग्याचा पाला आणि लसूण वाटून घालू लागली, तसे मासे तगले, चांगले गुबगुबीत झाले. मग दर रविवारी दीर पिशवी घेऊन हजर, आणि ती पिशवी भरून द्यायची. "घरचेच मासे, त्यात विचारायचं काय?"

आज तिच्याकडेच जेवताना बोटं चाटत त्यांनी विचारलं, "एवढा पाला, लसूण चारतेस, मग चवीला कसा लागत नाही गं?"

धाकटी गोड हसली.

"तुमचे मासे कोपऱ्यातल्या तळ्यातले, भाऊजी. त्यांना पाला नाही. ते नुसत्या तुमच्या औषधानं तरंगलेत."